झिजलेली, रंग बदललेली १९६४ ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर (इलेक्ट्रिक गिटार) वाजवण्यासाठी घ्यावी का?

तुम्ही न्यूजर्सीत आहात, पुढेमागे पुण्याला परतणार आहात आणि गिटार कपाटात ठेवायला नाही, वाजवायला हवी आहे. मग घ्या, पण नेक (गिटारची मान) पाहून आणि रिफिनिशच्याच, म्हणजे मूळ रंग काढून पुन्हा रंगवलेल्या गिटारच्याच भावात. मूळ रंग गेला की जुन्या फेंडरची किंमत साधारण निम्म्यावर येते. 'बाकी सगळं ओरिजिनल आहे' म्हणत विक्रेता भाव चढवेल, तर ऐकू नका. उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक तुम्हालाही निम्माच भाव देणार आहे.

रंग गेला म्हणजे आवाज गेला, ही मला भाबडी समजूत वाटते. सत्तरच्या दशकात उघड्या लाकडाची फॅशन होती, तेव्हा लोकांनी चांगल्या चांगल्या गिटारी घासून काढल्या. घासणाऱ्याचा हात किती जड होता ते मात्र बघा. कडा फार गोल झाल्या असतील, पोटाकडच्या उताराचा आकार बिघडला असेल, तर लाकूडच गेलंय. पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरची प्लास्टिकची पट्टीही काढायला लावा. हंबकर (मोठा, दुहेरी गुंडाळीचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारा चुंबकी भाग) बसवायला कुणी बॉडी कोरली असेल तर ते त्याखालीच लपतं.

पैसा खरा फ्रेटमध्ये, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांमध्ये जाईल. त्या काळच्या फिंगरबोर्डची (नेकवरच्या, बोटं टेकतात त्या लाकडी थराची) त्रिज्या ७.२५ इंच, म्हणजे गोलावा बराच. वरच्या फ्रेटवर तार जोरात ओढली की सूर मध्येच मरतो. म्हणून रिफ्रेट करताना (फ्रेट बदलताना) बरेच कारागीर बोर्ड घासून थोडा सपाट करतात. पण १९६२ पासून फेंडरने रोझवूडच्या जाड पट्टीऐवजी पातळ, वक्र थर लावायला घेतला होता. एकदोन रिफ्रेट आधीच झाल्या असतील तर घासायला उरतं काय? कडेने पाहिलं की थर किती शिल्लक आहे ते दिसतं. तो संपत आला असेल तर माझ्या मते गिटार सोडून द्या, भाव कितीही पडला तरी.

ट्रस रॉडचं, म्हणजे नेकचा वाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईचं टोक बॉडीच्या बाजूला असतं, त्यामुळे तो तपासायला नेक काढावीच लागते. काढलीत की टाचेवरचा (नेकच्या बॉडीत बसणाऱ्या टोकावरचा) महिना-वर्षाचा शिक्काही पाहून घ्या. पॉटवर (आवाजाच्या बटणाखालच्या भागावर) ३०४-६४-२१ असं काही दिसलं तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, पुढे वर्ष आणि आठवडा. ही तारीख पॉटची, गिटार त्यानंतर जुळवलेली.

पिकअप रिवाइंड केलेले (तार नव्याने गुंडाळलेले) असले तरी चालतील, चांगले वाजले म्हणजे झालं. गिटारवादक एरिक क्लॅप्टनची 'ब्लॅकी' तर तीन वेगवेगळ्या स्ट्रॅटचे भाग जोडून बनवलेली, आणि २००४ च्या लिलावात ९,५९,५०० डॉलरना गेली. (तो भाव क्लॅप्टनच्या हातांचा होता, विक्रेत्याने हे उदाहरण दिलं तर हसून सोडा.)

आता पुण्याचं. १९६४ च्या बोर्डचं रोझवूड बहुधा ब्राझिलियन असेल. ते १९९२ पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे कागदांशिवाय सीमेपार नेणं धोक्याचं. अमेरिकेत असतानाच तिथल्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडून प्रमाणपत्र काढा. त्यासाठी गिटारचं वय दाखवावं लागेल, तेव्हा टाचेच्या शिक्क्याचे आणि पॉटच्या आकड्यांचे फोटो खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा.