पिसातला पारा मोजायचं करिअर

ताई, स.न.वि.वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेकीने समुद्रपक्ष्यांच्या अंगात साठणाऱ्या पारा-शिशाबद्दल कुठेतरी पाहिलं आणि तेव्हापासून 'मला हेच करायचंय' असा धोशा लावलाय. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: पक्ष्यांमागे फिरून पोट भरतं का, आणि पदवीला प्राणिशास्त्र घ्यावं की रसायनशास्त्र.

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. रसायनशास्त्र.

तिला हे खटकेल, म्हणून कारण सविस्तर सांगते. पत्र तिलाही वाचायला द्या. समुद्रात पारा अगदी नगण्य प्रमाणात असतो. जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात, म्हणजे सजीवांच्या अंगात साठणाऱ्या विषारी रूपात, रूपांतर करतात, तो प्लवकांतून लहान माशांत, तिथून मोठ्या माशांत आणि शेवटी पक्ष्यात जातो आणि दर पायरीला वाढत जातो. पीस वाढत असतं तेव्हा त्याला रक्तपुरवठा असतो. त्या काळात रक्तातला मिथाइल पारा पीस ज्याचं बनतं त्या केराटिन या प्रथिनातल्या गंधकाला घट्ट चिकटतो. पीस पुरतं वाढलं की रक्तपुरवठा तुटतो आणि तेवढ्या दिवसांची नोंद पिसात कायम राहते. पक्ष्याला न मारता, एक पीस उपटून समुद्राची खबर मिळते ती अशी.

मग संग्रहालयांतले जुने पेंढा भरलेले पक्षी म्हणजे खजिनाच की! खजिना खरा, पण त्यात एक गोम आहे. जुने लोक कातडी टिकावी म्हणून तिला आर्सेनिक आणि पाऱ्याचे क्षार चोळत. सरसकट एकूण पारा मोजला तर समुद्राचा पारा किती आणि संग्रहालयवाल्यांचा किती, हे कळायला मार्ग नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काळ्या पायांच्या अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची सुमारे 120 वर्षांतली पिसं तपासली होती. संग्रहालयात चोळलेला पारा मिथाइल रूपात नसतो; तिथे मिथाइल पारा वेगळा काढून मोजला, म्हणून वाढीचा कल विश्वासाने सांगता आला. कितीही पक्षिप्रेम असलं तरी ही गाठ रसायनशास्त्रानेच सुटते.

तुमच्या पत्रातून मला लेकीचा राग जाणवला. त्या रागाला आधार आहे. कॅलिफोर्नियाजवळच्या अनाकापा बेटावर 1970 मध्ये तपकिरी पेलिकनांच्या 552 घरट्यांतून जेमतेम एक पिल्लू बाहेर आलं. डीडीटी या कीटकनाशकापासून बनणाऱ्या डीडीई या रसायनामुळे अंड्याच्या कवचाला पुरेसं कॅल्शियम मिळत नव्हतं आणि आई उबवायला बसली की अंडं फुटत होतं. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर जुन्या इमारतींच्या शिसेयुक्त रंगाच्या खपल्या लेसन अल्बट्रॉसची पिल्लं गिळत. त्यांचे पंख लुळे पडून जमिनीवर लोळायचे.

पण याच क्षेत्रात उलटंही शिकावं लागतं. कारखान्यांपासून हजारो मैल दूर राहणाऱ्या काही पक्ष्यांच्या मूत्रपिंडात कॅडमियम हा विषारी धातू भरपूर सापडतो आणि तो बऱ्याच अंशी त्यांनी खाल्लेल्या माखल्यांतून नैसर्गिकरीत्याच आलेला असतो. म्हाताऱ्या अल्बट्रॉसच्या यकृतातला बराचसा पारा सेलेनियम या मूलद्रव्याशी बांधला जाऊन निरुपद्रवी होऊन पडलेला असतो. आकडा मोठा दिसला म्हणून लगेच कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता येत नाही. हे सांगताना तिचा चेहरा पडला तर घाबरू नका, दोन दिवसांनी ती पुन्हा प्रश्न विचारते का, तेवढं पाहा.

रोजचं काम कसं असतं तेही ऐका. बेटावरची भटकंती वर्षातले काही आठवडे, तीही वासात, वाऱ्यात आणि विष्ठेत. बाकी वर्ष प्रयोगशाळेत. वजन करणं, आम्लात विरघळवणं, आयसीपी-एमएसवर धातू मोजणं, एलसी-एमएसवर पीफास, म्हणजे निसर्गात सहजी न विघटणारी कारखानी रसायनं, मोजणं. ही दोन्ही यंत्रं म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरचेच प्रकार. नमुन्यांइतकाच वेळ 'ब्लँक'वर जातो. ब्लँक म्हणजे ज्यात काही नाही असं माहीत आहे, असा नमुना. त्यात काही निघालं तर आठवडाभराचं काम पाण्यात. शिवाय किनाऱ्यावर मरून पडलेले पक्षी फाडावे लागतात. संख्याशास्त्राला पर्याय नाही.

आता पोटापाण्याचं. फक्त समुद्रपक्ष्यांवर जन्मभर पगार देणाऱ्या जागा जगभरात मोजक्याच, त्यासाठी पीएचडी लागते आणि नंतरही काही वर्षं कंत्राटी कामावर काढावी लागतात. हे मी गोड करून सांगणार नाही. पण काम बंद पडणारं नाही. कॅनडात ग्रेट लेक्सवरच्या हेरिंग कुरवांची अंडी 1974 पासून तपासली जातायत. बाल्टिक समुद्रातल्या स्टोरा कार्ल्सो बेटावरची गिलेमॉट या समुद्रपक्ष्याची अंडी स्वीडनमध्ये 1960च्या दशकाच्या अखेरीपासून गोठवून ठेवलेली आहेत. पीफासमधलं पीफॉस हे एक रसायन चर्चेत आलं तेव्हा हीच जुनी अंडी बाहेर काढून ते कधीपासून वाढत गेलं ते पाहता आलं. 2009 मध्ये ते स्टॉकहोम करारात, म्हणजे टिकाऊ विषारी रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात, घातलं गेलं. पाऱ्यासाठी तसाच मिनामाता करार 2017 पासून लागू आहे. करार झाले की मोजणारे हात लागतातच.

आणि तुमची खरी काळजी मिटवणारी गोष्ट अशी, की ज्याला पिसातला पारा नेमका मोजता येतो त्याला पिण्याच्या पाण्यातला, अन्नातला, औषधातला धातूही मोजता येतो. प्राणिशास्त्र घेतलं तर ही सोय राहणार नाही. पक्षी ओळखणं ती छंद म्हणूनही उत्तम शिकेल, मास स्पेक्ट्रोमीटर मात्र कुणी छंद म्हणून हाताळू देत नाही.

एक काम सांगते. या विषयावरचा कुठलाही एक शोधनिबंध तिला उघडून द्या आणि निष्कर्ष न वाचता फक्त 'पद्धती' हा भाग वाचायला सांगा. बरंचसं कळणार नाही, चालेल. वाचून तिने 'पण हे असं का केलं?' असे दोन-तीन प्रश्न काढले, तर ते मला लिहून पाठवा. कंटाळून मिटवला, तरी कळवा. मग पक्षिशास्त्र आणि संवर्धनाच्या वाटेबद्दल वेगळं बोलू.