ठरलेलं भाडं ३८ हजार, मागणी ६७ हजारांची आणि सामान गोदामात

प्रश्न : बँकेत बदली झाली म्हणून आम्ही पुण्याहून नागपूरला बिऱ्हाड हलवलं. पॅकर्सचा माणूस धनकवडीच्या फ्लॅटवर येऊन सामान बघून गेला. मग व्हॉट्सॲपवर ३८,००० रुपयांचं कोटेशन आलं, खाली ‘टोल, हमाली सगळं धरून’ असं लिहिलेलं. १२,००० ॲडव्हान्स यूपीआयने दिला. गाडी निघाल्यावर दुसऱ्या दिवशी फोन : सामान जास्त निघालं, मोठी आयशर लावावी लागली, शिवाय एन्ट्री टॅक्स, ई-वे बिलाचा (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचा) दंड आणि टोल, एकूण ६७,००० होतील. आता सामान नागपूरजवळ वाडीच्या एका गोदामात आहे. उरलेले ५५,००० रोख दिल्याशिवाय सोडणार नाही, उद्यापासून गोदामभाडंही लागेल, असं म्हणतात. शेगडी, मुलाची वह्या-पुस्तकं, सगळं त्यातच. घराच्या डिपॉझिटनंतर हाताशी फार पैसे उरलेले नाहीत. देऊन मोकळं व्हावं की पोलिसांत जावं? — एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, दोन्ही करता येईल, पण त्याआधीचं एक काम आजच उरका. ज्या नंबरवरून कोटेशन आलं त्याच नंबरवर आणि त्यांच्या ईमेलवर लिहून पाठवा : ‘अमुक तारखेच्या कोटेशनप्रमाणे भाडं ३८,००० ठरलं. १२,००० तुम्हाला मिळाले आहेत. बाकी २६,००० सामान घरी पोचताच यूपीआयने देण्यास मी तयार आहे. सामान ताबडतोब पोचवावे.’ एवढंच. फोनवर हुज्जत घालू नका, फोन आला तर ‘मेसेजवर लिहा’ म्हणा.

याला इतकं महत्त्व का? वाहतूकदाराला त्या मालाचं भाडं थकलं तर माल अडवून धरण्याचा हक्क असतो, हे खरं. पण तो ठरलेल्या भाड्यापुरता. रस्त्यात वाढवलेल्या आकड्यासाठी तो हक्क वापरता येत नाही. बाकी रक्कम तुम्ही देऊ केलीत आणि त्याने नाकारली, की करार मोडल्याचा ठपका त्याच्यावर येतो (करार कायदा १८७२, कलम ३८). गोदामभाड्याची मागणीही मग लटकी पडते, कारण सामान तिथे त्याच्या हट्टामुळे पडलेलं आहे.

आता पैसे देऊन मोकळं व्हायचं का ते बघू. पुष्कळांना वाटतं, एकदा दिले की हक्क संपला. तसं नाही. याच करार कायद्याच्या कलम १५ मध्ये जबरदस्तीची जी व्याख्या आहे, तिच्यात दुसऱ्याची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणं येतं. कलम ७२ सांगतं की जबरदस्तीने दिलेले पैसे घेणाऱ्याने परत केले पाहिजेत. त्या कलमाखालचं उदाहरण वाचलंत तर तुमचाच अर्ज वाटेल : रेल्वे कंपनी बेकायदा आकार भरल्याशिवाय माल सोडत नाही, माणूस माल सोडवण्यासाठी तो भरतो, तर जेवढा आकार जादा होता तेवढा त्याला परत मिळायला हवा. दीडशे वर्षांपूर्वी रेल्वे होती, आज आयशर आहे, इतकाच फरक.

तेव्हा घर अडलंय म्हणून पैसे द्यावेच लागले तर द्या, पण देण्याआधी मेसेज करा : ‘सामान अडवून ठेवल्यामुळे नाइलाजाने, हरकत नोंदवून ही रक्कम देत आहे. जादा रक्कम परत मागण्याचा हक्क राखून ठेवला आहे.’ रोख देऊ नका. अगदीच अडून बसले तर सही-शिक्क्याची पावती घ्या आणि जीएसटी क्रमांकासह पक्कं बिल मागा. बदलीचा खर्च बँकेकडून मिळणार असेल तर तिथेही तेच बिल लागेल.

पोलिसांकडे जाताना २६,००० देऊ केल्याच्या मेसेजची प्रत सोबत न्या. ती नसेल तर ‘पैशाचा वाद आहे, कोर्टात जा’ हे उत्तर ठरलेलं, आणि ते पूर्ण चूकही म्हणता येत नाही. ती असेल तर लेखी तक्रारीत भारतीय न्याय संहितेच्या दोन कलमांचा उल्लेख करा : खंडणीचं ३०८ आणि वाहतूकदाराने केलेल्या विश्वासघाताचं ३१६(३). शेवटी गुन्हा दाखल होवो न होवो, तक्रार आत गेली आणि ठाण्यातून एक फोन गेला की बऱ्याचदा गोदामाचं कुलूप उघडतं.

त्यांच्या मागणीतला एकेक आकडाही तपासा. एन्ट्री टॅक्स? पुणे-नागपूर म्हणजे राज्यातल्या राज्यातला प्रवास, आणि असले कर १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरून गेले. ई-वे बिल? वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागतच नाही, मग दंड कसला. टोल ‘सगळं धरून’मध्ये आला, तरी वाद घातलाच तर फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. गाडी मोठी लागली, तर सामान बघायला त्यांचाच माणूस आला होता. मात्र तो बघून गेल्यावर तुम्ही स्कूटर, कपाट असं काही वाढवलं असेल, किंवा नव्या इमारतीला लिफ्ट नाही हे सांगितलं नसेल, तर तेवढ्याचे वाजवी पैसे देणं लागता. तेही स्वतःहून लिहून कळवा. आयोगापुढे तुमचीच बाजू भक्कम होईल.

हो, ग्राहक आयोग. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आजच तक्रार नोंदवा. त्यांनी ऐकलं नाही तर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून नागपूरच्या जिल्हा आयोगात दावा लावा. बिल्टीवर (वाहतूकदाराने दिलेल्या मालाच्या पावतीवर) ‘दिल्ली न्यायक्षेत्र’ छापलेलं असलं तरी घाबरू नका : २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची.

बदलीच्या तयारीत असलेल्या इतर वाचकांनी खर्चाचा अंदाज बांधताना कोटेशनमधल्या एकूण रकमेपेक्षा त्यात काय लिहिलेलं नाही ते बघावं. सामानाची यादी, गाडी किती फुटी, दोन्हीकडचे मजले, पॅकिंग, वाराई (सामान चढवण्या-उतरवण्याची मजुरी), टोल, पोचायची तारीख. यातलं जे कोरं राहतं, तिथूनच आकडा फुगतो. बाकीच्यांपेक्षा फारच स्वस्त कोटेशन मला तरी स्वस्त वाटत नाही. ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ म्हणून पैसे लावले असतील तर विमा कंपनीची पॉलिसी मागा. नुसत्या पावतीवर लिहिलेला विमा हा विमा नव्हे.

ताई, सामान आलं की खोकी उघडताना व्हिडिओ काढा, आणि तपासल्याशिवाय ‘सुस्थितीत मिळाले’वर सही करू नका. फ्रीजला पोचा दिसला तर पोचपावतीवरच लिहा. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखाली तुम्हाला वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करत बसावं लागत नाही. मात्र मालाची किंमत जास्त दाखवून वेगळा दर ठरवला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते, म्हणून बिल्टीवर भाडं ३८,०००च लिहिलंय ना ते पाहा. कमी लिहिलं असेल तर आत्ताच लेखी हरकत घ्या. आणि मोडतोडीची नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी पोचली पाहिजे. हे दिवस सामान मिळाल्यापासून मोजायचे नाहीत.