डेल्फॅक्समधून निलापर्वतामध्ये

प्रश्न : भातावरील तपकिरी तुडतुड्याचे शास्त्रीय नाव ‘निलापर्वता ल्युजेन्स (स्टॉल, 1854)’ असे वाचले. निलापर्वता ही प्रजाती (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मात्र 1906 मध्ये स्थापन झाली. मग जातीचे वर्णन 52 वर्षे आधीच कसे झाले, आणि संशोधकाचे नाव कंसात का?

उत्तर : दोन्ही वर्षे बरोबर आहेत आणि आपल्या शंकेचे उत्तर त्या कंसातच दडलेले आहे. स्वीडनचे कीटकशास्त्रज्ञ कार्ल स्टॉल यांनी जावा बेटावरील नमुन्यांवरून 1854 मध्ये या कीटकाचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी त्याला ‘डेल्फॅक्स ल्युजेन्स’ म्हटले. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी 1798 मध्ये स्थापन केलेल्या डेल्फॅक्स या प्रजातीत त्या काळी जवळजवळ कोणताही लहानसा तुडतुडा बिनदिक्कत घातला जाई. पुढे 1906 मध्ये ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ डिस्टंट यांनी श्रीलंकेतील ‘ग्रीनी’ नावाच्या जातीवरून निलापर्वता ही नवी प्रजाती उभी केली. नंतर ग्रीनी आणि ल्युजेन्स या दोन जाती नसून एकच कीटक असल्याचे दिसून आले. अशा वेळी अग्रक्रमाच्या नियमानुसार जातीचे जुने नाव टिकते, म्हणून ‘ल्युजेन्स’ राहिले आणि ‘ग्रीनी’ हे त्याचे समानार्थी नाव ठरले. प्रजाती मात्र डिस्टंट यांचीच राहिली. जातीचे मूळ वर्णन आजच्याहून वेगळ्या प्रजातीत झालेले असेल, तर वर्णनकर्त्याचे नाव कंसात द्यावे, असा प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा नियम आहे.

आता ही प्रजाती ओळखायची कशी? मागच्या पायाच्या नडगीच्या टोकाशी एक मोठा, हलणारा काटा असतो. निलापर्वता ज्यात मोडते, त्या संपूर्ण डेल्फॅसिडी कुलाची ती खूण होय. निलापर्वताची स्वतःची खूण त्याच्या खालीच, पावलाच्या पहिल्या खंडावर दिसते. तेथे कडेला अगदी बारीक काटे असतात आणि ते पाहण्यास सूक्ष्मदर्शक लागतो. रंग किंवा पंखांची लांबी यांवर विसंबणे धोक्याचे, कारण एकाच जातीत लांब पंखांचे व आखूड पंखांचे असे दोन्ही प्रकारचे प्रौढ आढळतात.

खरी कसोटी लागते ती जाती ठरवताना. ल्युजेन्सबरोबर बेकरी आणि मुइरी या जातीही याच प्रजातीत येतात. त्या भाताऐवजी प्रामुख्याने लीर्सिया गवतावर वाढतात, पण हे गवत भाताच्या बांधावरही उगवत असल्याने नमुने सहज मिसळतात. त्यामुळे नराच्या उदराचे टोक वेगळे करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात, मऊ भाग विरघळला की ग्लिसरीनमध्ये घेऊन जननेंद्रियांचा आकार तपासतात आणि मगच जातीचे नाव लिहितात. हाती केवळ मादी असेल, तर बाह्य लक्षणांवरून निर्णय देणे कठीण असते. अशा वेळी प्रजातीचे नाव लिहून जातीची जागा मोकळी ठेवणे हेच आम्हाला योग्य वाटते.