उरलेला बटाटा: आधी तो गार कसा झाला ते सांगा

उरलेल्या बटाट्याबद्दलची पत्रं थांबत नाहीत. शब्द वेगळे असतात, गोंधळ मात्र एकच. गार झालेला उकडलेला बटाटा म्हणजे ताजाच बटाटा, फक्त कालचा, असं लोक धरून चालतात. तसं नाही. बटाटा शिजताना त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो. गार होताना त्याच स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि बटाटा घट्ट होतो. म्हणजे तुमच्या हातात आता वेगळा जिन्नस आहे, आणि त्याच्याकडून वेगळं काम करून घ्यायला हवं. काही प्रश्न इथे एकत्र घेतो आहे.

प्रश्न: दर वेळी चार-पाच उकडलेले बटाटे उरतात. परतून खाण्यापलीकडे काय करता येईल?

खूप काही. गार आणि घट्ट बटाटा किसणीच्या मोठ्या भोकांवर किसून पाहा. गरम बटाटा किसणीला चिकटून लगदा होतो. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेल्याचे मात्र सुटे, लांब धागे पडतात. मीठ-मिरी लावून ते जाड बुडाच्या पॅनमध्ये चमचाभर तेलावर किंवा लोण्यावर पसरा, उलथण्याने दाबा आणि मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं हात लावू नका. सगळे इथेच चुकतात. दर मिनिटाला ढवळतात आणि मग कवच धरत नाही म्हणून मला लिहितात. कडा सोनेरी होऊन पॅनपासून सुटू लागल्या, पॅन हलवल्यावर अख्खी चकती सरकली, की ताटलीवर पालथी घालून दुसरी बाजू भाजा.

छोटे अख्खे बटाटे असतील तर सपाट बुडाच्या वाटीखाली दाबून अंगठ्याइतके जाड ठेवा. कडा फुटल्या पाहिजेत, कारण कुरकुरीतपणा त्या फुटलेल्या कडांनाच येतो. वरून तेल सोडून 220 अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजा. पाच मिलिमीटरच्या चकत्या कापून परतलेल्या कांद्याबरोबर फेटलेल्या अंड्यात घातल्या, की जाड ऑम्लेट होतं आणि ते गारही चांगलं लागतं.

कुस्करलेला बटाटा उरला असेल तर तो पावाच्या पिठात मळा. पिठाच्या चौथ्या हिश्श्याइतका घ्या आणि पाणी आधी कमीच घाला, कारण बटाट्यात स्वतःचं पाणी भरपूर असतं. असा पाव दोन-तीन दिवस मऊ राहतो. किंवा अडीचशे ग्रॅम कुस्करा (म्हणजे कुस्करलेला बटाटा), मूठ-दोन मूठ मैदा आणि एक अंडं हलक्या हाताने गोळा करून छोटे तुकडे उकळत्या पाण्यात सोडा. वर तरंगले की शिजले. जास्त मळाल तर रबर होईल. रस्सेदार भाजीवर किंवा मटणावर कुस्कऱ्याचा जाड थर पसरून, काट्याने रेघा ओढून ओव्हनमध्ये भाजला, की वेगळं झाकण लागत नाही. सूप दाट करायला तर क्रीम विकत आणूच नका. एक बटाटा चाळणीतून घासून सूपमध्ये उतरवला की काम झालं.

प्रश्न: कुस्करा मऊ व्हावा म्हणून मिक्सरमधून फिरवला तर डिंकासारखा झाला. दुरुस्त होईल का?

नाही. मिक्सरच्या पात्याने बटाट्याच्या पेशी फुटतात, आतला फुगलेला स्टार्च बाहेर येतो आणि सगळं चिकट होतं. पुढच्या वेळी हाताने कुस्करा किंवा चाळणीतून घासा. आत्ताचा गोळा पावाच्या पिठात ढकला, तिथे तो चालतो.

प्रश्न: खारट झालेल्या सूपमध्ये उरलेला बटाटा टाकला की तो मीठ शोषून घेतो ना?

नाही. तो खारट पाणी शोषतो, निवडून मीठ नाही. सूपमध्ये बिनमिठाचं पाणी वाढवा.

प्रश्न: उकडलेला बटाटा दुसऱ्या दिवशी राखाडी-निळसर दिसतो. फेकायचा का?

नुसता रंग असेल तर फेकू नका. बटाट्यातलं लोह आणि क्लोरोजेनिक आम्ल शिजताना एकत्र येतात आणि हवा लागल्यावर काळपट दिसू लागतात. त्याने अपाय होत नाही. पुढच्या वेळी उकडत आल्यावर पाण्यात थोडा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घाला. सुरुवातीलाच घातलंत तर बटाटा लवकर मऊ होणार नाही.

हिरवा रंग ही वेगळी गोष्ट आहे. हिरवा रंग हरितद्रव्याचा आणि तो स्वतः निरुपद्रवी असतो, पण बटाट्यावर उजेड पडल्याची ती खूण आहे. उजेडात सोलॅनिन आणि चॅकोनिन ही विषारी द्रव्यंही वाढतात आणि उकडून ती जात नाहीत. त्यामुळे "शिजवलाय ना, मग चालतो" हे म्हणणं चूक आहे. बराच हिरवा झालेला किंवा कडू लागणारा बटाटा टाकून द्या. खाऊन उलट्या किंवा पोटदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना दाखवा आणि काय खाल्लं ते सांगा.

प्रश्न: फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेले बटाटे रात्रभर ओट्यावर राहिले. सकाळी चांगले गरम करून सगळ्यांनी खाल्ले. वासही आला नव्हता. चाललं ना?

हा प्रश्न मला नेहमी खाऊन झाल्यावर विचारला जातो, आणि म्हणूनच मी इथे थांबून सविस्तर लिहितो आहे.

बटाटा मातीतून येतो, आणि दोन घातक जिवाणूही मातीतलेच: बॅसिलस सेरियस आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. दोघंही बीजाणू (उष्णता सोसणारी टणक रूपं) बनवतात आणि ते उकडण्या-भाजण्यातून जिवंत सुटतात. बटाटा कोमट झाला की त्यांची वाढ सुरू होते. 5 ते 60 अंश सेल्सिअस हा त्यांचा सुखाचा पट्टा, आणि ओट्यावरचं भांडं रात्रभर नेमकं तिथेच असतं. बॅसिलस सेरियसचं उलटी आणणारं विष एकदा तयार झालं की उकळूनही नष्ट होत नाही. "उकळलं की सगळं मरतं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याची चीड येते. जिवाणू मरतात, पण त्यांनी मागे ठेवलेलं हे विष तसंच राहतं.

फॉइलने धोका आणखी वाढतो. आत ओलावा कोंडतो आणि हवा जवळजवळ पोहोचत नाही. बोट्युलिनमला हवा नकोच असते, आणि त्याला रोखण्याइतका बटाटा आंबटही नसतो. 1994 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासो इथे एका उपाहारगृहात खाल्लेल्या पदार्थांतून 30 जणांना बोट्युलिझम, म्हणजे बोट्युलिनमच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार, झाला. कारण निघालं ते फॉइलमध्ये भाजून, फॉइलसकट काही दिवस बाहेर ठेवलेल्या बटाट्यांचं. त्यांचं पुढे गार खायचं डिप केलं होतं. बोट्युलिनमचं विष नीट उकळल्यास निकामी होतं हे खरं, पण बटाटा आतपर्यंत किती तापला हे घरी कोण मोजतं? आणि वास येत नाही, चव बदलत नाही. नाकावर विसंबू नका.

तुमच्या घरात आत्ता कुणाला उलट्या-जुलाब होत असतील तर डॉक्टरांना दाखवा. दोन-दोन दिसणं, पापण्या मिटायला लागणं, बोलणं अडखळणं, गिळायला त्रास, हातापायांत अशक्तपणा, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालयात जा. बोट्युलिझमची ही लक्षणं बहुधा 12 ते 36 तासांत येतात, पण काही दिवसांनंतरही येऊ शकतात. सकाळपर्यंत वाट पाहू नका, आणि मला पत्र लिहीत बसू नका. यावरचं औषध जितकं लवकर मिळेल तितकं उपयोगी पडतं.

आता ठेवायचं कसं. फॉइल गरम असतानाच काढा. बटाटे अर्धे कापून पसरट ताटात ठेवा. वाफ गेली की, शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. उकाड्याच्या दिवसांत, खोली 32 अंशांच्या वर असेल तेव्हा, एकच तास. कुस्करा असेल तर थर पाच सेंटिमीटरहून जाड नको. एका मोठ्या स्वयंपाकघरात रात्री खोल पातेल्यात भरून फ्रीजमध्ये ठेवलेल्या कुस्कऱ्यात मी सकाळी थर्मामीटर खुपसला होता. कडेला 5 अंश होते, मधोमध 21. वरून हात लावणाऱ्याला ते गारच लागत होतं. तो सगळा कुस्करा मी टाकायला लावला, त्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं, आणि उद्या तसंच दिसलं तर पुन्हा टाकायला लावीन.

डब्यावर तारीख लिहा. फ्रीज 4 अंश किंवा त्याखाली असेल तर तीन ते चार दिवस, पुढे नाही. गरम करताना मधला भाग 74 अंशांपर्यंत गेला पाहिजे, आणि तेही एकदाच. लागेल तेवढाच बाहेर काढा.

प्रश्न: हवा काढून घेणारे डबे मिळतात. जाहिरातीत शिजवलेला बटाटा 15 दिवस ताजा राहतो म्हणतात. घ्यावेत का?

15 दिवसांसाठी घेऊ नका. वरचं उत्तर पुन्हा वाचा: हवा नसणं हीच बोट्युलिनमची सोय. त्याच्या काही जाती 3 अंशांनाही हळूहळू वाढतात. हवा काढल्यावर बटाटा सुकत नाही, चांगला दिसतो, आणि जाहिरातीत त्याचंच छायाचित्र असतं. चांगला दिसणं आणि सुरक्षित असणं यांचा संबंध नाही. 15 दिवसांचा दावा करणाऱ्याकडे शिजवलेल्या बटाट्यावर केलेल्या जिवाणू-चाचणीचा लेखी अहवाल मागा. डबा कुठलाही असो, तीन-चार दिवस म्हणजे तीन-चार दिवस.

प्रश्न: बटाटा फ्रीजमध्ये ठेवू नये असं वाचलंय.

ते कच्च्या बटाट्याबद्दल. थंडीत कच्च्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. शिजलेल्यात ते होत नाही. फ्रीजमध्येच ठेवा.

प्रश्न: गार बटाटा खाल्ला की साखर वाढत नाही, असा संदेश फिरतोय. वडिलांना मधुमेह आहे. रोज देऊ का?

या संदेशात थोडं तथ्य आहे आणि पुष्कळ अतिशयोक्ती. गार होताना स्टार्चचा काही भाग असा घट्ट होतो की लहान आतड्यात तो पचत नाही. त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. पुन्हा गरम केल्यावरही त्यातला काही टिकतो. पण उरलेला बराचसा स्टार्च नेहमीसारखाच पचतो आणि रक्तात साखर होऊनच जातो. "वाढत नाही" हे साफ खोटं. "थोडी कमी वाढते" इथपर्यंत ठीक, आणि तेही माणसागणिक बदलतं.

वडिलांना द्यायचाच असेल तर प्रमाण मोजून, भाज्या आणि डाळ, अंडं किंवा मासे यांच्या बरोबर द्या, आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासून नोंद ठेवा. ती नोंद त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. असले संदेश वाचून गोळ्या किंवा इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने कमी करू नका.

प्रश्न: मूत्रपिंडाचा आजार आहे. उरलेला बटाटा पुन्हा पाण्यात उकळला तर पोटॅशियम जातं का?

थोडं जातं, सगळं नाही. सालासकट अख्खा उकडलेला असेल तर बरंचसं आतच राहिलेलं असतं. कच्चा बटाटा सोलून, बारीक कापून, भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकलं तर जास्त कमी होतं. तुम्हाला किती चालेल हे रक्ताच्या तपासणीवर ठरतं. आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ताटात घेऊ नका.

प्रश्न: फ्रीझरमध्ये ठेवले तर?

कुस्करा ठेवा, तुकडे नकोत. तुकड्यांतल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात आणि वितळल्यावर बटाटा पिळलेल्या स्पंजसारखा होतो. अँडीज पर्वतातल्या लोकांनी याच दोषाचा शेकडो वर्षांपासून उपयोग करून घेतला आहे. रात्रीच्या कडाक्यात बटाटे गोठवायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात वाळवायचे. त्याला चुन्यो म्हणतात आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. तुमच्या फ्रीझरमध्ये तसं होणार नाही, फक्त पचपचीत तुकडे मिळतील. कुस्कऱ्यात लोणी किंवा साय घालून एका वेळेपुरते चपटे गोळे गोठवा आणि दोन महिन्यांत संपवा.

प्रश्न: आदल्या दिवशीचे तळलेले काप मऊ पडतात.

मायक्रोवेव्ह नको. कोरड्या तापलेल्या पॅनमध्ये एकाच थरात परता. सोनेरी झाले की उतरवा. गडद तपकिरी होऊ दिले तर त्यांत तयार होणारं अपायकारक द्रव्य म्हणजे अ‍ॅक्रिलामाइड वाढतं.

प्रश्न: बटाट्याचं सॅलड मेयोनेझमुळे खराब होतं, म्हणून दही घालते. बरोबर ना? आणि आठ महिन्यांच्या बाळाला त्यातला बटाटा दिला तर?

दोष मेयोनेझवर ढकलायची सवय जुनी आहे. बाजारातलं मेयोनेझ आंबट असतं आणि त्यात जिवाणू सहज वाढत नाहीत. सॅलड बिघडवतो तो बहुधा कोमट ठेवलेला बटाटा किंवा उकडलेलं अंडं. कच्च्या अंड्याचं घरी केलेलं मेयोनेझ मात्र वेगळं, त्याची काळजी घ्यायलाच हवी. दही घाला, मेयोनेझ घाला, पण बटाटा आधी फ्रीजमध्ये पूर्ण गार झालेला असू द्या आणि सॅलड दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. चवीसाठी एक सांगतो: व्हिनेगर आणि मीठ बटाटा गरम असतानाच लावा, तेव्हा ते आत मुरतं.

बाळाला सॅलडमधला देऊ नका, त्यात मीठ असतं. त्याच्यासाठी बिनमिठाचा, त्याच दिवशी उकडलेला बटाटा वेगळा काढा. बाळाचा चमचा लागलेल्या वाटीत काही उरलं तर ते टाकून द्या, कारण लाळेतले जिवाणू त्यात गेलेले असतात. प्रमाण किती आणि दिवसातून किती वेळा, हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा.