पोटाला चालतं ते फुफ्फुसाला चालेलच असं नाही

प्रश्न : ताई, क्लीनरच्या बाटलीवर 'त्वचेसाठी सुरक्षित' असं लिहिलेलं असतं, पण तोच स्प्रे बाथरूममध्ये मारला की मला खोकला सुटतो. कंपनी खोटं बोलते का? आणि तुम्ही टॉक्सिकॉलॉजीवाले, म्हणजे विषारी पदार्थांचा अभ्यास करणारे, हे तपासता तरी कसं?

उत्तर : खोटं नाही हो, अर्धवट. त्वचेसाठी म्हटलंय ना, ते त्वचेपुरतंच धरा. त्वचेवर मेलेल्या पेशींचा जाड थर असतो, गिळलेलं निदान आधी पोट आणि लिव्हरमधून जातं, फुफ्फुसाच्या हवापिशवीची भिंत मात्र एका मायक्रॉनपेक्षाही पातळ, कारण ऑक्सिजन पटकन रक्तात जायला हवा आणि तिथून दिवसाला दहा हजार लिटरच्या वर हवा ये-जा करते. त्यामुळे आमचा पहिला प्रश्न 'विषारी आहे का' हा नसतोच, 'कुठून शिरतं, किती आणि किती वेळ' हा असतो.

सगळ्यात वाईट उदाहरण दक्षिण कोरियाचं. तिथे १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या, म्हणजे खोलीतली हवा दमट ठेवणाऱ्या यंत्राच्या, पाण्यात टाकायची जंतुनाशकं विकायला होती, त्यातलं पीएचएमजी नावाचं रसायन त्वचेला किंवा पोटात गेलं तर फारसं विषारी नाही असं मानलं जायचं, पण ह्युमिडिफायरने त्याचं धुकं केलं आणि लोक रात्रभर बंद खोलीत ते श्वासातून घेत राहिले. २०११ मध्ये फुफ्फुसं निकामी झालेल्या बाळंतिणी आणि गरोदर बायका एकापाठोपाठ एक हॉस्पिटलमध्ये यायला लागल्या तेव्हा कुठे छडा लागला. बाजारात आणण्याआधी श्वासातून काय होतं हे कुणी नीट तपासलंच नव्हतं, याचा मला अजूनही राग येतो. अमेरिकेतल्या मिसूरीत २००० साली असंच, पॉपकॉर्न कारखान्यातल्या आठ माजी कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या आक्रसलेल्या सापडल्या आणि संशय गेला बटरच्या वासासाठी वापरतात त्या डायअसिटिलवर. खायला चालणारा पदार्थ, पण गरम टाकीवर वाकून त्याची वाफ रोज घेणं वेगळं.

आता तपासतो कसं? माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशी एका बारीक जाळीवर वाढवतो, खालून पोषक द्रव, वरून हवा, आणि त्या हवेत ते रसायन मोजून सोडतो. मग किती पेशी मेल्या, थर गळायला लागला का, सूज आणणारे सिग्नल वाढले का ते बघतो. २०१० मध्ये हार्वर्डमध्ये तर फुफ्फुसाच्या पेशी वाढवलेली, श्वासासारखी ताणली जाणारी छोटी चिप केली. प्राण्यांवरचे प्रयोग कमी होतायत, पण बंद झालेले नाहीत, हेही सांगायला हवं. आणि माझ्या मते प्लेटमधल्या पेशींइतकीच महत्त्वाची असते कामगारांची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारायची टेस्ट, दर वर्षी नीट ठेवलेली. २०१८ ला युरोपातल्या सहा हजारांवर लोकांच्या अशा वीस वर्षांच्या नोंदी तपासल्या, तर साफसफाई करणाऱ्या बायकांची फुफ्फुसाची ताकद इतर बायकांपेक्षा भराभर उतरलेली दिसली. याने कारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, पण तुमचा खोकला उगाच नाही. स्प्रे हवेत मारू नका, फडक्यावर ओता, खिडकी उघडा. आणि ब्लीचमध्ये अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर कधीच मिसळू नका, क्लोरीन सुटतो.

प्रश्न : नाक-घसा झोंबला नाही म्हणजे धोका नाही ना?

उत्तर : उलट कधीकधी तिथेच फसतो माणूस. अमोनिया पाण्यात लगेच विरघळतो म्हणून ओल्या नाका-घशातच झोंबतो आणि आपण पळ काढतो. नायट्रोजन डायऑक्साइड, फॉस्जीन हे कमी विरघळतात, वर फारसं जाणवत नाही, थेट खोल हवापिशव्यांपर्यंत पोचतात आणि कित्येक तासांनी फुफ्फुसात पाणी भरतं. कारखान्यात गॅस गळती झाली असेल तर 'आत्ता बरं वाटतंय' म्हणून घरी जाऊन झोपू नका, डॉक्टरकडे जा आणि कोणता गॅस होता ते नावासकट सांगा.

प्रश्न : पेंट-थिनरचं काम करतो, एन-९५ मास्क पुरे का?

उत्तर : नाही. तो धूळ-कण अडवतो, वाफ सरळ आरपार जाते. वाफेसाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचं कार्ट्रिज (वाफ शोषणारी डबी) लागतं, तेही चेहऱ्याला घट्ट बसणाऱ्या मास्कमध्ये, दाढी मध्ये आली तर उपयोग नाही. कार्ट्रिज भरतं, त्यामुळे वास येईपर्यंत थांबू नका, कंपनीने दिलेल्या वेळेत बदला. टू-के पेंट, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा, असेल तर त्यात बहुतेकदा आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, एकदा त्याचा दमा जडला की अगदी थोड्यानेही अटॅक येतो, तिथे बाहेरून हवा पुरवणारा मास्क मागून घ्या, मालक कुरकुरला तरी.