लुइझियानात न्यूट्रियाची शिकार कुठून सुरू करायची?

बॅटन रूजला राहता, बंदूक कधी धरलेली नाही, आणि न्यूट्रिया, म्हणजे दलदलीत राहणारा मोठा उंदरासारखा प्राणी, मारला की शेपटीमागे सरकारकडून 6 डॉलर मिळतात असं ऐकलंय, बरोबर? मिळतात, पण आधी कागदपत्रं.

राज्याची न्यूट्रिया नियंत्रण योजना 2002 पासून चालू आहे. त्यात नाव नोंदवावं लागतं, ट्रॅपिंगचा (सापळे लावून प्राणी पकडण्याचा) परवाना लागतो आणि ज्या दलदलीत जाणार तिच्या मालकाची लेखी परवानगीही. हंगाम 20 नोव्हेंबर ते 31 मार्च. एच-वन-बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) असाल तर अमेरिकी कायद्याने एरवी बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्याला अपवाद. त्यामुळे तो खिशात आल्याशिवाय बंदुकीच्या दुकानाची पायरी चढू नका.

पहिला हंगाम जुन्या ट्रॅपरच्या बोटीत बसून काढा. थंडीत न्यूट्रिया दिवसाही ऊन खायला बाहेर येतो. नारिंगी दात, पांढऱ्या मिशा, आणि मुख्य खूण म्हणजे उंदरासारखी गोल शेपटी. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा पाणउंदीर म्हणजे मस्करॅट, त्याची शेपटी दोन्ही बाजूंनी चपटी असते. तो इथला मूळचा, त्याच्या शेपटीला पैसे नाहीत. शेपटी किमान 7 इंच हवी. कापलेल्या शेपट्या बर्फात किंवा मिठात ठेवा, सडलेल्या घेत नाहीत. हातमोजे घालाच, याच्या अंगावरच्या जंतांनी कातडीला भयंकर खाज सुटते.

पैशांचं म्हणाल तर बोटीचं पेट्रोल सुटलं तरी पुष्कळ. मांस मात्र टाकू नका, सशासारखं लागतं. आमच्याकडे काळ्या मसाल्यात शिजतं.