नाशिकजवळ दहा हजार फुटांचं पीईबी शेड (लोखंडी सांगाडा कारखान्यात बनवून जागेवर जोडायचा, तसलं) घ्यायचंय. आधी काय बघावं आणि फुटाला काय भाव पडतो?

फुटाचा भाव विचारलात म्हणून लिहायला बसलो. आम्हीही सगळ्यात आधी तेच विचारलं होतं.

आमचं प्रेसशॉप आहे, म्हणजे प्रेसवर पत्रा दाबून भाग काढायचं काम. पंधरा वर्षं अंबडला भाड्याच्या गाळ्यात काढली, मग सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत प्लॉट घेतला. ६० बाय १५० फुटांचं शेड ठरलं. दोन कोटेशनं आली. एकात लोखंड २६ टन, दुसऱ्यात २० टन. पत्रा तोच, उंची दोन्हीकडे ६ मीटर, आणि फुटाचा भाव दुसऱ्याचा बराच कमी. थोरले बंधू म्हणाले, "लोखंड कमी लागतंय म्हणजे डिझाइन चांगलंय." मी म्हटलं, "दादा, पहिल्यानं ३ टनांची क्रेन धरलीय. यानं धरलीय का, विचारू." दादा म्हणाले, "क्रेनचं नंतर बघू, आधी डोक्यावर छप्पर तर येऊ दे." व्यवहार त्यांच्या हातात होता. ऑर्डर २० टनवाल्याला गेली. मी गप्प बसलो, तिथेच चुकलो.

शेड उभं राहिलं, दिसायला देखणं. मी आत टेप धरला. खांब आणि राफ्टर (छपराची तिरकी तुळई) जिथे मिळतात तो गुडघा खाली उतरतो, त्याच्याखाली भरली ५.१५ मीटर. त्यांची ६ मीटर म्हणजे कडेला पत्र्यापर्यंतची, ईव्ह हाइट. पहिल्या कोटेशनात 'क्लिअर हाइट', म्हणजे आत मोकळी मिळणारी उंची, लिहिलं होतं. दोघांनी आपापलं खरंच लिहिलं होतं, वाचलं आम्ही नीट नाही.

क्रेनचं तर विचारूच नका. खांबांना ब्रॅकेट नाहीत. क्रेनचं वजन, तिनं ब्रेक मारल्यावर बसणारा आडवा धक्का, यातलं काहीच हिशोबात धरलेलं नव्हतं. त्यांच्या इंजिनियरनं या खांबांवर क्रेन बसवू नका असं लेखी दिलं आणि ते योग्यच केलं. मग आठ महिने दोन-दोन टनांच्या डाय (प्रेसचे साचे) फोर्कलिफ्टवर. पुढे दोन पोरं पहार लावून डाय प्रेसच्या बेडवर सरकवायची. एकदा ती सटकली. कोपरा फ्लोअरिंगमध्ये रुतला, एका पोराच्या बुटापासून वीतभर अंतरावर. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी नवंकोरं ट्रिमिक्स काँक्रीटचं फ्लोअरिंग ब्रेकरनं फोडायला घेतलं, आठ खड्डे घेतले आणि आत गॅन्ट्रीचे, म्हणजे क्रेन ज्यावर धावते त्या तुळयांचे, स्वतंत्र खांब उभे केले. दोन्ही अंगांना दीड-दीड फूट जागा गेली. जेवढे वाचवले होते त्याच्या दुप्पट खर्च झाला.

म्हणून सांगतो, फुटाचा भाव बाजूला ठेवा. आत काय उचलायचंय, किती उंच रचायचंय, पुढे शेड कोणत्या बाजूला वाढवायचंय हे आधी कागदावर लिहा आणि तोच कागद सगळ्यांना द्या. ज्या बाजूला वाढवायचंय तिकडची शेवटची फ्रेम पूर्ण ताकदीची घ्या, नुसते हलके खांब लावून बंद करू देऊ नका. कोटेशनात लोखंडाचं वजन मागा आणि प्रत्येक गाडी वजनकाट्यावरून आणा. पत्रा ०.५ मिमी म्हटलं तर कोटिंग धरून की न धरता, ते विचारा. कोटिंग धरून ०.५ असेल तर आतलं लोखंड साधारण ०.४५ च असतं. वाऱ्याचा मूळ वेग नाशिकसाठी ३९ मीटर प्रति सेकंद, आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग ३ प्रमाणे. डिझाइनच्या कागदावर तोच आकडा हवा. मोठी शटरं उघडी राहणार असतील तर तेही सांगा, वारा आत शिरला की छप्पर खालून उचलतो.

आणि अँकर बोल्ट, म्हणजे पायात रोवलेले, खांब पकडणारे बोल्ट. पाया सिव्हिलवाल्याचा, खांब शेडवाल्याचा, बोल्ट चुकले की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. आमच्याकडे एका खांबाचे बोल्ट दीड इंच सरकलेले निघाले आणि इरेक्शनवाल्या पोरांनी गॅसकटरनं बेसप्लेटची भोकं वाढवली. मी वेळेवर पोचलो म्हणून बाकीचे खांब वाचले. काँक्रीट ओतण्याआधी शेडवाल्याचा माणूस बोल्टची मापं तपासून सही करेल, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

तुम्हाला नुसतं गोडाऊन करायचं असेल तर क्रेनचं सगळं सोडून द्या, २० टनांचंही चालेल. शेड लहान असेल तर गावातल्या चांगल्या फॅब्रिकेटरकडून पाइपच्या ट्रसचं करून घेतलेलं स्वस्त पडतं. जागा निफाड-दिंडोरीकडे काळ्या मातीत असेल तर आधी माती तपासा, वरच्या लोखंडासारखाच पायाचा खर्चही डोक्यात ठेवा.

दादा अजूनही म्हणतात की क्रेन नंतर ठरली. २६ टनांचं कोटेशन मी जपून ठेवलंय. त्यात तिसऱ्या ओळीत क्रेन लिहिलेली आहे, आणि त्यावरची तारीख ऑर्डर देण्याच्या पाच आठवडे आधीची आहे.